समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. सुटल्यावर पारावरचा फळा लिहिला. दिवाळीनंतरचा पहिलाच, म्हणून कडेने झेंडूची वेल काढली. रंगीत खडूंचा नवा डबा फोडला, माझ्या स्वतःच्या पैशांचा. शाळेचे खडू म्हणजे नुसती भुकटी. बातम्या: मुलांची वजन-उंची झाली, पाण्याचा नवा नळ बसला. आगामी: सोमवारी पालकसभा. सुरुवात नेहमीची, 'समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की', शेवट नेहमीचा, 'तरी सर्वांनी नोंद घ्यावी. आपली शाळा.'

वाचायला दोघं थांबले. एक दगा आबा, ते दर शनिवारी नातीला घेऊन येतातच. दुसरा पत्ता विचारायला थांबलेला बियाणेवाला.

संध्याकाळी घरी भडगावला चहा घेत होते तर गावाच्या ग्रुपवर रेकॉर्डिंग. आमच्या नव्या शिक्षिकेचा, वर्षाचा, उपक्रम! मारुतीच्या देवळावरचा भोंगा लावून पोरांकडून शाळेच्या बातम्या, आणि त्याही अहिराणीत. 'आयका हो आयका, शाळानी खबर आयका!' पुढे वजन-उंची, नळ, पालकसभा. म्हणजे माझाच फळा, फक्त ओरडून.

सरपंचांपासून सगळ्यांचे अंगठे. मीही एक टाकला. टाकावा लागतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पालकसभेला बसायला जागा नव्हती. ऐन कापूस वेचणीत! सतरंज्या कमी पडल्या, बाया ओट्यावर बसल्या. मु. अ. सोनवणे सर माइकवर म्हणाले, 'ही सगळी भोंग्याची कमाल.' मी पहिल्या रांगेत, चेहऱ्यावर हसू. गाल दुखले.

इतकी वर्षं मी त्या पारावर उन्हात उभी राहून लिहिते, ती कसली कमाल होती मग?

वर्षा जूनमध्ये आली, शिरपूरहून. सत्तावीस वर्षांची. गावातच खोली घेऊन राहते. 'मुख्यालयी राहतात हो आमच्या मॅडम', सोनवणे सर येईल त्याला सांगतात आणि सांगताना माझ्या स्कूटीकडे बघतात. मला नवरा आहे, सासूबाई आहेत, घर भडगावला आहे. मी इथे खोली कशी घेणार?

आणि पोरं तिला ताई म्हणतात. मला बाई, तिला ताई.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फळा लिहिला. दगा आबा आले, जयूला घेऊन. आबा एकेक ओळ बोट लावून मोठ्याने वाचतात, ही शेजारी उभी. जयू म्हणजे जयश्री, त्यांच्या भिकनची मुलगी. पहिली ते तिसरी माझ्याकडे होती, आणि तिन्ही वर्षांत शाळेत एक शब्द बोलली नाही. मुकी नाही. घरी चुरूचुरू बोलते म्हणे, आजोबांना भंडावून सोडते. शाळेच्या फाटकात शिरली की कुलूप. लिहिते मात्र मोत्यासारखं. मी काय काय केलं! गोष्टी सांगितल्या, बाहुल्या आणल्या, रागावले, मग जवळ घेतलं. खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरायची.

यंदा सोनवणे सरांनी चौथी वर्षाला दिली आणि मला पुन्हा पहिली. शेंबूड पुसायला.

आज वर्षा म्हणाली, 'मॅडम, जयू भोंग्यावरच बोलेल बघा. माझं मन सांगतं.'

'छानच होईल,' मी म्हटलं. मनात म्हटलं, बोलू नये. निदान तुझ्याकडे तरी बोलू नये.

लिहिलंय ते खोडत नाही. वाटलं ते वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत व. (वर्षा) ओट्यावर बसून जयूच्या वेण्या घालत होती. ती घालू देत होती! मान वळवून, डोळे मिटून. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं आणि पहिलीच्या दोघांना उगीचच ओरडले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

भोंग्यावरच्या आजच्या ठळक बातम्या: 'रोशनना घर म्हैस ईनी, पारडू व्हयनं.' 'पूजाना मामा सुरतथून उना.' ही शाळेची बातमी? मी फळ्यावर शिष्यवृत्तीच्या सरावाची माहिती लिहिली होती, दोन रंगांत, चौकट करून. ती कुणी वाचली नाही. पारडू मात्र गावभर.

माझं बोलणं ऐकून हे म्हणाले, 'तुला जळायला रॉकेलसुद्धा लागत नाही.'

भाजीत मीठ घालायचं राहिलं. राहू दे म्हटलं.

४ डिसेंबर, गुरुवार

स्टाफ मीटिंग. स्टाफ म्हणजे आम्ही तिघं. वनभोजनाचं ठरलं. भरीत-पुरी, सुपडू नानांच्या मळ्यात, पुढच्या गुरुवारी. नाना वांगी देणार, आपली हिरवी, भरताची. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजायची. पुऱ्यांना बचत गटाच्या बाया.

माझ्या मनात आलंय, यंदा फळा असा लिहायचा की लोक फोटो काढतील.

६ डिसेंबर, शनिवार

लिहिला. पूर्ण फळाभर वांगं काढलं, देठासकट, पाठीवर चकाकी. 'गुरुवारी सकाळी सुपडू नानांच्या मळ्यात जमणे. येताना ताट व पेला आणणे.' जयू पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी होती. खडू संपला की दुसरा हातात देत होती. रंग न सांगता बरोबर देते.

रात्री रेकॉर्डिंग: 'भरीत पार्टी शुक्रवारे शे हो, शुक्रवारे!'

म्हणजे? मीटिंगमध्ये गुरुवार ठरला होता.

८ डिसेंबर, सोमवार

झालं असं की नानांकडे गुरुवारी लाईटचा नंबर नाही. विहिरीची मोटर चालणार नाही, पाणी नाही, म्हणून त्यांनी शुक्रवार केला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी हे कुणाला सांगितलं? जी गावात राहते तिला. तिने मला फोन केला होता, मी पोळ्या लाटत होते. नंतर बघितला आणि उलट केला नाही.

सोनवणे सर: 'तेवढा फळा दुरुस्त करून घ्या मॅडम.'

'करते,' म्हटलं.

शाळा सुटल्यावर पारापर्यंत गेले. डस्टर हातात. ते वांगं इतकं सुरेख आलं होतं. आणि मीटिंगमध्ये ठरलेलं मी काय म्हणून पुसू? तिने भोंग्यावर काहीही ओरडावं आणि मी मागून डस्टर घेऊन फिरावं? नाही पुसलं. बघू तर, गाव वाचतंय की ऐकतंय.

११ डिसेंबर, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी शाळेत जाण्याआधी स्कूटी मळ्याच्या वाटेला घातली. म्हटलं, कुणी आलंय का बघू. किती जण माझा फळा वाचतात ते तरी कळेल. मळ्यात चिटपाखरू नाही. हरभऱ्यावर दव. विहिरीजवळच्या लिंबाखाली एकटी जयू. मांडीवर फडक्यात बांधलेलं ताट आणि पेला.

स्कूटी लावली. शेजारी जाऊन बसले. म्हटलं, 'अगं, आज नाहीये. उद्या आहे. काल भोंग्यावर परत सांगितलं ना?'

आणि ती बोलली.

'माले माहीत शे.'

एवढंच. आवाज जरा घोगरा, मोठ्या बाईसारखा. मी इकडेतिकडे पाहिलं, दुसरं कुणी बोललं की काय.

'मग कशाला आलीस?'

'फळावर आज लिखेल शे ना, बाई.'

मी डबा उघडला. अर्धी भाकरी तिला, अर्धी मला, मिरचीचा ठेचा. खाताना बोलत होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तिला आवडत नाही, आजोबांना आवडते. वांग्याची चकाकी मी पांढऱ्या खडूने काढली तिथे पिवळा हवा होता. (बरोबर आहे तिचं.) मी शुद्ध मराठीत विचारत होते, ती अहिराणीत सांगत होती, कुणाचंच अडत नव्हतं.

स्कूटीवर मागे बसवून शाळेत आणलं. फाटकात उतरली आणि तोंडाला कुलूप. वर्गात गेली.

कुणाला सांगितलं नाही. ही बातमी फळ्यावर नाही नि भोंग्यावर तर नाहीच नाही. माझी आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

भरीत पार्टी. सगळं गाव लोटलं. वांगी फुटताना आवाज येत होता, धुराने डोळे चुरचुरत होते. व. बायांमध्ये बसून कांद्याची पात चिरत होती, पुऱ्या लाटत होती, हिच्याशी हसत होती, तिच्याशी हसत होती. एक आजीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, 'आमनीच पोर शे ही.' मला त्याच बाई इतक्या वर्षांत 'या बाई, बसा बाई'च्या पुढे गेल्या नाहीत.

पण आज मला काही लागलं नाही. व. जयूला जवळ घेऊन भरीत भरवत होती, 'कसं लागतंय? सांग ना राणी,' आणि जयू मान हलवत होती. मी पलीकडून बघत होते. मनात म्हटलं, विचार विचार. कितीही विचार.

दोन पुऱ्या जास्त खाल्ल्या.

१६ डिसेंबर, मंगळवार

तोंडावर आपटले.

भिकनभाऊ शाळेत आले होते, जयूचे वडील. पाचवीची शाळा गावात नाही, मुलं बसने पुढच्या गावी जातात. सोनवणे सर चौथीच्या सगळ्या पालकांशी त्याबद्दल बोलतायत. भिकनभाऊ सरळ म्हणाले, 'चौथीनंतर घरच ऱ्हाऊ द्या तिले.'

सर म्हणाले, हुशार आहे हो पोरगी.

'हुशार शे, माले माहीत शे. पन घरना बाहेर तोंड उघाडत नही. यस्टीमा एकटी जाई. बाहेर काही व्हयनं तं कोनले सांगी ती?'

माणूस वाईट नाही. बोलताना टोपी हातात धरून चुरगाळत होता. तिने चार माणसांत एकदा बोलून दाखवावं, दुसऱ्या दिवशी पास काढतो म्हणाला.

आणि मी बोलून गेले. 'ती बोलते! माझ्याशी बोललीय!'

सगळे माझ्याकडे. 'कवय?' भिकनभाऊ.

'गुरुवारी. मळ्यात.'

'गुरुवारे मळामा कोनी नव्हतं,' ते म्हणाले. सोनवणे सर खाकरले. 'मॅडम, गुरुवारी तुम्ही तिथे कशाला...' आणि मग त्यांच्या लक्षात आलं. फळा. मी न पुसलेला फळा. सरांनी फक्त पेन खाली ठेवलं, काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

जयूला बोलावलं. 'बाईंशी बोललीस का गं?' ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. मी म्हटलं, सांग ना जयू, घाबरू नकोस. नाही. शेवटी भिकनभाऊच म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या बाई. तुमी चांगलासाठीच बोलनात.'

म्हणजे मी खोटं बोलले, पण चांगल्यासाठी.

वर्षा बाहेर येऊन हळूच म्हणाली, 'हो का मॅडम? खरंच बोलली?' काय तो आवाज! आजारी माणसाशी बोलतात तसा. एक वेळ हसली असती तर चाललं असतं.

१७ डिसेंबर, बुधवार

जयू माझ्याकडे बघत नाही. मी दिसले की खांबाआड. दोघींमधली गोष्ट मी चव्हाट्यावर मांडली, आणि तीही व.च्या देखत.

सरांनी फळ्याचा विषय काढला नाही. चहा मात्र आज फक्त वर्षासाठी मागवला असं वाटलं. मला पण आला, नंतर. गार.

२० डिसेंबर, शनिवार

फळा लिहिला. वेल नाही, चित्र नाही. लिहिताना पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटलं. आबा नव्हते, ती एकटीच. मी वळले नाही, लिहीत राहिले. ती वाचत होती. ओठ हलत असणार, कारण 'कळविण्यात'चा 'कळ' ऐकू आला. हलकासा.

न वळताच म्हटलं, 'चुकलंच माझं. तुझं तू सांगायचं होतं.'

तिने हिरवा खडू पुढे केला.

म्हटलं, 'जयू, पाचवीला जायचंय?' मान हलली. 'बाबांनी ऐकायला पाहिजे गं. माझ्या सांगण्याने नाही होणार.' मग जे बोलायचं नव्हतं ते बोलले. 'भोंग्यावर बोलशील?'

बैलगाडी गेली एक. मग:

'तुमीन थांबशात?'

संध्याकाळी थांबायचं. म्हणजे वर्षाला सांगायचं. तिच्या माइकसमोर, तिच्या कार्यक्रमात.

'बघते,' म्हटलं. मी सुद्धा काय बाई आहे. त्या पोरीने एवढं विचारलं आणि मी 'बघते' म्हटलं.

२७ डिसेंबर, शनिवार

फोन केला नाही. करणार होते. बुधवारी सासूबाईंचे डोळे दाखवायला धुळ्याला जाऊन आलो, हे कारण आहे. खरं कारण ते नाही. तीन वर्षं मी त्या कुलपाशी बसले. उघडलं माझ्यापाशी. आणि गावाला दिसणार काय, तर वर्षाच्या भोंग्यावर वर्षाची विद्यार्थिनी बोलली. टाळ्या कुणाला?

जयू फळ्याजवळ आली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'पुढच्या शनिवारी.' निमूट गेली.

आज भोंग्यावर केळीच्या गाडीची बातमी होती. ऐकली नाही. म्हणजे ऐकली, पण पूर्ण नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

पाचवीला जाणाऱ्या मुलांची नावं सरांनी फळ्यावर लिहायला दिली, परवापर्यंत लिहा म्हणाले. जयू नाही त्यात. मी वाचून दाखवल्यावर म्हणाले, 'आता काय करणार मॅडम.'

घरी येऊन पर्सही न ठेवता वर्षाला फोन. 'शनिवारी एका मुलीला वेळ हवाय.'

'कुणाला?'

'जयूला.'

ती म्हणते, 'मॅडम, मी किती दिवसांपासून वाट बघतेय.'

तू वाट बघतेयस! तू! जूनमध्ये आलीस! दात आवळून म्हटलं, 'मी थांबणार आहे संध्याकाळी. ती म्हणालीय मला.'

'ती म्हणाली?' मग हळूच, 'मॅडम, मला तेव्हाच खरं वाटलं होतं. मी बोलायला हवं होतं सरांसमोर.'

रेंज नाही म्हणून ठेवून दिला.

३ जानेवारी, शनिवार

सकाळी बालिका दिनाचा कार्यक्रम. मुली नऊवारी नेसून, कपाळाला आडवं कुंकू. जयूपण. भाषणं झाली. तिचं नाही. सगळ्यांना उत्साह, मी मात्र घड्याळाकडे.

संध्याकाळी थांबले. या गावात मी दिवेलागण कधी पाहिलीच नव्हती. चुलींचा धूर नदीकडे जातो, गाई आपापल्या दारात स्वतः वळतात. व.च्या खोलीत चहा घ्यावा लागला. एकच खुर्ची, ती मला दिली. भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं. त्यात माझ्या फळ्यावरचं वांगं, कुणीतरी बघून काढलेलं. पिवळी चकाकी.

माइक ग्रामपंचायतीच्या खोलीत. व. आत, पोरं आत. मी बाहेर खिडकीशी, जयूला दिसेन अशी. पारावर माणसं बसलेली. दगा आबा. भिकनभाऊ फटफटीवर एक पाय टेकवून. त्यांना आबांनीच थांबवलेलं.

'आयका हो आयका' झालं. कुणाकडे शेळी, कुणाकडे पाहुणे. मग व.ने माइक जयूपुढे धरला.

काही नाही.

देवळावरून फक्त श्वास. गावभर तिचा श्वास. कुत्री भुंकली. पारावर एक जण म्हणाला, 'लाईट गई का?' आबांनी त्याला गप्प केलं. मी खिडकीचे गज धरले होते. खरं सांगायचं तर त्या क्षणीही माझ्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं बोल गं पोरी. दुसऱ्याचं लिहीत नाही.

मग तो घोगरा आवाज.

'समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की,'

माझं! माझी ओळ! अहिराणी नाही, एकही शब्द इकडचा तिकडे नाही, माझ्या फळ्यावरची शुद्ध, टिपिकल, सरकारी ओळ! पोरं हसायला लागली, व.ने त्यांना डोळ्यांनी दाबलं.

'कुमारी जयश्री भिकन ही जून महिन्यात पाचवीला जाणार आहे. तरी सर्वांनी नोंद घ्यावी. आपली शाळा.'

पारावर कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळे. आबा उठून उभे राहिले, धोतराच्या सोग्याने डोळे पुसत. मी भिकनभाऊंकडे पाहिलं. ते देवळाच्या शिखराकडे बघत होते, भोंग्याकडे, जणू ती वर बसलीय. फटफटीला किक मारली. लागली नाही. दुसऱ्यांदा लागली. कुणाशी काही न बोलता शेताच्या रस्त्याला गेले.

मी दारापाशी धावले. जयू बाहेर आली ती व.चा हात धरून. घट्ट. माझ्यासमोरून गेली, माझ्याकडे बघून हसली, पण धरलेला हात व.चाच.

बरं. असू दे. बरं.

येताना अंधारात स्कूटी चालवताना रडले. आनंदाने की कशाने, काय माहीत.

४ जानेवारी, रविवार

सकाळपासून ग्रुप वाहतोय. 'वर्षा ताईंचे हार्दिक अभिनंदन.' 'ताई, सलाम तुमच्या कार्याला.' फुलं, हात जोडलेले, पुन्हा फुलं. सोनवणे सरांनी तर 'आमच्या शाळेची शान' म्हणून फोटो टाकला, व. आणि जयू, हातात हात. खिडकीबाहेर माझी अर्धी ओढणी आलीय.

व.ने माझ्याबद्दल लिहिलं, 'यात संध्या मॅडमचा मोठा वाटा आहे.' त्यावर दोन अंगठे. एक यांचा.

चिडचिडून रेकॉर्डिंग लावलं. परत लावलं. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना. हे म्हणाले, 'पाठ झालं मला.' मग दुपारी हेडफोन घालून शेवटपर्यंत ऐकलं. एरवी 'आपली शाळा' झालं की मी बंद करत होते. पुढे टाळ्या आहेत, पोरांचा गोंगाट. टाळ्यांच्या आत, माइकच्या अगदी जवळ, एवढीशी कुजबुज:

'बाई, बरोबर बोलनू का?'

बाई. ताई नाही. सगळी शाळा वर्षाला ताई म्हणते. मी खिडकीशी होते, तिने मला विचारलं, आणि टाळ्यांमध्ये मला ऐकूच आलं नाही. उत्तर न देता मी दारापाशी धावले.

हे रेकॉर्डिंग व.च्या फोनवरचं. तिने टाकण्याआधी ऐकलं असणारच. ती नेहमी शेवट कापून टाकते, मला माहीत आहे. हा कापला नाही. मी असते तर कापला असता. तेवढ्यासाठी तर ती मला आणखीनच सहन होत नाही.

भिकनभाऊंचं अजून काही नाही. आबांना फोन केला. म्हणाले, पोऱ्या रातले जेवना, काही बोलना नही. मग म्हणाले, 'सकायले पोरले इचारं त्यानी, यस्टी कितला वाजता येस?' विचारलं, पण पास काढतो म्हणाला नाही. नाही पण म्हणाला नाही.

उद्या सोमवार. फळ्यावर पाचवीची नावं लिहिली तेव्हा शेवटी एक ओळ मी मोकळी सोडली होती. खडूंचा डबा पर्समध्ये टाकून ठेवलाय. जयू भेटली की आधी तिला सांगायचं, बरोबर बोललीस. अगदी बरोबर.

वर्षाचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. आता चौथा वाजतोय.